बिभीषणाचं ड्रोन आणि शंभूमामाचं ऊन

माझा पुतण्या बिभीषण जमिनीवर काहीच न जमल्यामुळं आकाशात गेला. हे मी कौतुकानं म्हणतोय असं कुणी समजू नये. माया आहे, नाही असं नाही. पण ती रक्ताची असते, तिला इलाज नसतो.

आधी त्यानं शेततळ्यात मासे सोडले. ते बगळ्यांनी खाल्ले. पंचक्रोशीतले बगळे एवढे धष्टपुष्ट मी त्याआधी पाहिले नव्हते. मग तो शेळीपालनाचं प्रशिक्षण घेऊन आला. प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर लागलं, शेळी काही दारात आली नाही. मग जारचं थंड पाणी विकायला निघाला, तर ते पाणी कुठल्या बोअरचं आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एवढं सगळं झाल्यावर एक दिवस तो सोलापूरहून काळी पेटी घेऊन एसटीतून उतरला आणि म्हणाला, "नाना, आता आपण वरून बघायचं."

पेटीत ड्रोन होतं. आमच्या वहिनींनी ते ओवाळून घरात घेतलं. नव्या सुनेला ओवाळताना त्यांनी एवढा वेळ लावला नव्हता, असं त्याची बायको निकिता अजून म्हणते.

पहिल्याच दिवशी ड्रोन लिंबाच्या झाडात अडकलं. शिडी आली, शिडी धरायला माणसं आली, मी धोतर खोचून वर चढलो, आणि खालून बिभीषणाचा हुकूम सुटला, "नाना, पात्याला हात लावू नका! पातं नाजूक असतंय! फांदी तोडा!" माझ्या आजोबांनी लावलेल्या लिंबाची फांदी गेली. पातं शाबूत राहिलं. तेव्हापासून तो गावात 'ड्रोनवाला' झाला. डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला उलटी टोपी, अंगात ढीगभर खिशांचं जाकीट. त्या खिशांत बॅटऱ्या, नखाएवढी मेमरी कार्डं आणि तंबाखूची पुडी गुण्यागोविंदानं नांदतात.

वैशाखात त्याच्या बहिणीचं, राजनंदिनीचं लग्न निघालं. जावई रणधीर भूम तालुक्यातल्या ईटचा. पोरगा निर्व्यसनी, घर तालेवार. लग्न आमच्या अणदुरात, घरामागच्या मोकळ्या रानात मांडव घालून. आता, बहिणीच्या लग्नात भावानं काय करायचं असतं हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. वऱ्हाड उतरवून घ्यायचं, पाणी द्यायचं, कोण रुसलंय ते हेरायचं, त्याच्या पंगतीत जाऊन "घ्या घ्या" करायचं. यातलं एकही काम बिभीषणानं केलं नाही. तो एका कोपऱ्यात हातातल्या पडद्यात डोकं घालून उभा होता. जवळ जाऊन म्हटलं, "अरे, वऱ्हाड आलंय," तर म्हणाला, "दिसलं. वरून."

अक्षता पडल्या. जेवणाच्या वेळेला ठिणगी पडली. नवरदेवाचे मामा, शंभूमामा, पोशाख करून, भगवा फेटा बांधून आलेले. मामाचा मान म्हणजे काय ते मी सांगायला नको. नवरदेवाच्या बापाची समजूत निघते, मामाची निघत नाही. तर शंभूमामा ताटावरून उठले आणि भर रानात ओरडले, "वऱ्हाडाला उन्हात बसवतावं व्हय रे? आमची माणसं उन्हात आन् तुमची मांडवात, खुर्चीवर? ह्याला सोयरीक म्हणत्यात व्हय?" मी पाया पडलो, आमच्या दादांनी, म्हणजे नवरीच्या बापानं, टोपी काढून हातात घेतली. मामा जीपमध्ये बसून गेले. उपाशी. ड्रोन तेवढा वेळ वर भुणभुणत होतं.

राजी सासरी पोचायच्या आधी ही तक्रार तिथं पोचली होती आणि चांगलं घर करून बसली होती. तिची सासू धुरपदाबाई ही शंभूमामांची थोरली बहीण. ती बाई ओरडत नाही. ओरडणाऱ्या सासूचा एक फायदा असतो, ती दमते. धुरपदाबाई दमत नाही. दुपारी अंगणात कुणी "ऊन लई हाय" म्हटलं की ती भाजी निवडता निवडता म्हणते, "हाय खरं. पर अणदूरपेक्षा कमीच म्हणायचं." सून छत्री घेऊन बाहेर निघाली की, "घे बाई छत्री. माझ्या भावाला मिळाली न्हाय, तुला तरी असू दे."

पोळा झाला आणि तिनं निकालच दिला. "जिथं माझ्या भावाचा मान न्हाय, तिथं माझा ल्योक दिवाळसणाला जायचा न्हाय. आन् त्यो न्हाय तर तूबी न्हाय."

पहिली दिवाळी. लेक-जावई माहेरी यायचे, जावयाला पहिल्या आंघोळीचं पाणी, नवे कपडे, वहिनींनी मेच्या सुट्टीपासून कुणाला काय द्यायचं ते ठरवून ठेवलेलं. ते दोघं आले नाहीत तर गल्लीतली प्रत्येक बाई फराळाचं ताट घेऊन चौकशीला येणार. राजी रडली नाही. ती आमच्याच घरची, म्हणाली, "आत्या, आमच्या दादानं सगळं वरून घेतलंय. फिलिम येऊ द्या. कोण कुठं बसलं हुतं आन् कुणी कुणाला उन्हात बसवलं, दिसंल की."

म्हणजे आता पोरीची पहिली दिवाळी कुणाच्या हातात गेली ते बघा.

"दादा, फिलिम?" असा तिचा दर आठवड्याला फोन. आणि बिभीषणाचं उत्तर, "एडिटिंगला हाय." माणूस सोलापूरला दवाखान्यात आहे म्हणून सांगतात, त्या आवाजात.

एडिटिंग म्हणजे काय, ते मी शेजारीच राहत असल्यामुळं मला भोगावं लागलं. मोबाइलवर एक हिंदी बोलणारा पोरगा नवशिक्यांना हे शिकवतो. त्याचं सांगणं मलाही कळलं एवढं सोपं होतं. शूटिंग झालं की त्याच दिवशी कार्डातलं सगळं लॅपटॉपात उतरवायचं. त्याची आणखी एक नक्कल दुसऱ्या जागी ठेवायची. फोल्डरला तारीख आणि गाव घालायचं. मग सगळं एकदा बसून बघायचं, आणि नंतर कात्री लावायची. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. बिभीषणानं हा धडा शेवटाकडून सुरू केला. मी विचारलं तर म्हणाला, "सुरुवातीचं सगळं बारकं काम असतंय, नाना. आपण डायरेक कलरवर."

"आरे पण दोन ठिकाणी ठेवलंस का?"

"ठेवलंय की. एक कार्डात, एक माझ्या ध्यानात."

त्याच्या लॅपटॉपातली फोल्डरं मी या डोळ्यांनी बघितली आहेत. 'राजी', 'राजी खरं', 'याच्यातलं घ्या', 'ह्ये न्हाय', आणि एकाचं नाव नुसतंच 'बघू'. एक हार्ड डिस्कही त्यानं आणली होती. तिला दमट हवा बाधते असं त्या हिंदी पोरानं सांगितलेलं, म्हणून यानं ती ज्वारीच्या कोठीत पुरली, वर कडुलिंबाचा पाला टाकून. किडा लागू नये म्हणून. तिच्यात काय साठवलं होतं? काही नाही. कोरी करकरीत डिस्क कोठीत, आणि बहिणीचं लग्न तंबाखूच्या खिशात.

मग रंग. वैशाखातलं आमचं रान कसं असतं? काळं, भेगाळलेलं, मधे एखादी बाभळ. बिभीषणानं त्याला असा हिरवा फासला की अणदूरच्या माळावर आता फणस लागतील असं वाटावं. आमच्या दादांचा चेहरा केशरी झाला. नवरीचे हात जांभळे. मी म्हटलं, "तिला काय चावलंय का?" तर म्हणाला, "सिनेमॅटिक म्हणत्यात त्याला."

आणि रेंडर. सगळं जोडून झाल्यावर लॅपटॉप त्याची अखंड फिल्म करतो, त्याला वेळ लागतो, एवढंच ते. पण त्या घरात रेंडर चालू असला की बाळंतपण चालू असल्यासारखं वातावरण. मिक्सर लावायचा नाही, लाईट जाईल. इस्त्री लावायची नाही. लॅपटॉप तापतो म्हणून तो कूलरपुढं पाटावर बसवलेला, आणि वहिनी घामाघूम होऊन ओट्यावर. मी एकदा दार वाजवलं तर निकिता बाहेर येऊन म्हणाली, "हळू या नाना. आत तुमच्या पुतण्याला कळा यायल्यात."

लाईट गेली की बिभीषण पहिल्यापासून. असं करत करत ऐन दसऱ्याला फिल्म पुरी झाली आणि त्यानं ती मुहूर्त बघून ईटला पाठवली.

पुढचं मला राजीच्या फोनवरूनच कळलं. ईटच्या घरी सगळे जमले. सुरुवातीला सोन्याच्या अक्षरांत 'बिभीषण एरियल क्रिएशन्स'. मग एक कमळ उमललं. कमळातून हिरवंगार अणदूर निघालं. आणि मग मांडव. वरून. आता वरून मांडव दिसतो म्हणजे काय दिसतं? छत दिसतं. लाल-पिवळं कापड. त्यावरून बदाम उडत गेले. मग तेच कापड दुसऱ्या बाजूनं. मग तेच कापड सावकाश. गाणं संपलं, कमळ मिटलं.

धुरपदाबाईंनी पदर सावरला. "कापड चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मांडववाला कोण म्हणायचा?"

राजीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या अंगणातच होतो. निकितानं फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, माणसं कुठं हायत?"

"कुठली माणसं?"

"लग्नाला आल्याली! माणसं!"

"ती काढली की. समदी ड्रोनकडंच बघत हुती. कॅमेऱ्यात बघणारं माणूस लई कच्चं दिसतंय, राजे. असले शॉट उडवायचे असत्यात."

मग अगदी बारीक आवाजात, "शंभूमामा बी?"

"मामा तर तोंड वासून. पैले त्यांनाच काढलं."

मी कपाळाला हात लावला. पोरगी तिकडं या एका माणसाच्या जिवावर सासूपुढं छाती काढून बोलली होती, आणि यानं लग्नातून लग्न वगळून कापड पाठवलं होतं.

"दादा," राजी म्हणाली, "ते मामाचं पायजे. तसंच्या तसं. त्याच्यात कायबी असू दे. न्हायतर मी दिवाळीला यायची न्हाय, आन् कवा यायची त्ये तूच आईला सांग." फोन बंद.

बिभीषण पहिल्यांदा जमिनीकडं बघत उभा राहिला. मग त्याला आठवलं. लॅपटॉपातलं उडवलं तरी कार्डावर मूळचं सगळं आहे! त्यानं ते पुसलेलं नव्हतं. शहाणपणानं नव्हे, कसं पुसायचं तो धडा यायचा होता म्हणून. "कार्ड हाय, नाना! कार्ड!" म्हणत तो आत पळाला, आणि आम्ही त्याच्यामागं देवघरापाशी गेलो.

आदल्या दिवशी दसरा होता. आपल्याकडं त्या दिवशी माणूस ज्यावर पोट भरतो त्याची पूजा करतो. कुणी नांगर, कुणी तराजू, कुणी वस्तरा. बिभीषणानं पाटावर ड्रोन, रिमोट, चार्जर, लॅपटॉप आणि कार्ड मांडलं होतं. प्रत्येकाला ओलं गंध, हळद, कुंकू, वर अक्षता, झेंडूचं फूल. इथपर्यंत मी बोलणार नाही. माणसानं श्रद्धा ठेवावी. पण नखाएवढ्या कार्डाला कुंकू लावायचं तर कुठं? कार्डाला एका बाजूनं नाव असतं, दुसऱ्या बाजूला सोनेरी दात असतात, त्या दातांनीच ते लॅपटॉपाशी बोलतं. बिभीषणानं विचार केला की झळकतंय ती बाजू म्हणजे तोंड. आणि त्या दातांवर बोटभर ओलं कुंकू थापलं. वर तांदूळ चिकटवले. रात्रभरात ते सवाष्णीच्या कपाळासारखं वाळून बसलं होतं.

कार्ड लॅपटॉपात घातलं. लॅपटॉपानं ओळख दिली नाही. बिभीषणानं फुंकर मारली. सदऱ्याला घासलं. परत घातलं. मग माझ्या देखत त्यानं कार्डापुढं हात जोडले आणि म्हणाला, "येळकोट येळकोट, एकदा उघड."

"सरका तिकडं," निकिता म्हणाली. तिनं खोडरबर आणलं, कार्ड पालथं केलं आणि हलक्या हातानं ते दात घासायला लागली. लाल-पिवळा भुगा पडत होता. तो हिंदी पोरगा दिवसभर भिंतीपलीकडं बोलत असायचा आणि ती भाकरी थापता थापता पहिल्या धड्यापासून ऐकत असायची, एवढाच तिचा अभ्यास. बिभीषण वरून सूचना देत होता, "हळू. नाजूक असतंय." तिनं एकदाच वर बघितलं. तो दोन पावलं मागं सरकला.

कार्ड उघडलं. मी खुर्ची ओढली तर निकिता म्हणाली, "थांबा नाना. आधी उतरवू द्या. लॅपटॉपात एक, डिस्कमधी एक. तवर कुणी हात लावायचा न्हाय." मग कोठीतून डिस्क निघाली, ज्वारी झाडली, पाला काढला. सगळं दोन्हीकडं उतरेपर्यंत बिभीषणाला तिनं अंगणात बसवलं होतं. योग्य जागी.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आम्ही ईटला गेलो. बिभीषणानं जाकीट घातलेलं होतं. मी काढायला लावलं. शंभूमामा भूमहून आलेले होते. ओट्यावर लोडाला टेकून, आमच्याकडं पाठ करून. राजी चहा घेऊन आली. भावाला कप देताना तिनं त्याच्याकडं असं बघितलं की चहा गार झाला असावा.

"काय आणलंय?" मामा भिंतीला म्हणाले. "आणखी कापड?"

"मामा, आता माणसं हायत," बिभीषण म्हणाला. "फक्त रंग दिला न्हाय."

"उपकार झाले," मी म्हणालो, आणि लॅपटॉप उघडला.

आवाज नव्हता, ड्रोनला कान नसतात. मांडव एका बाजूनं दिसत होता, ड्रोन खाली उतरलेलं. सगळ्यात पुढच्या ओळीत, अगदी सावलीत, पंख्यासमोर, गादीच्या खुर्चीवर एक भगवा फेटा बसलेला होता.

"ह्ये कोण?" धुरपदाबाई पुढं वाकल्या. "शंभू, तूच की रे. खुर्चीत हायस की."

मामा वळले.

पडद्यावरच्या मामांनी मान वर केली. खुर्ची सोडली. उठून मांडवाबाहेर उन्हात आले. कपाळावर हात धरून वर बघितलं, आणि तोंड उघडलं. मग मागं वळून त्यांनी हातानं सगळ्या वऱ्हाडाला बोलावलं. या, या, बघा! एकामागं एक भगवे फेटे सावलीतून उन्हात आले आणि सगळे तोंड वासून आकाशाकडं बघायला लागले. तेवढ्यात मांडवात आमच्या गावची टाळकी घुसली आणि रिकाम्या खुर्च्यांवर पसरली. पांढऱ्या टोप्या. लाज वाटावी अशी चपळाई. ड्रोन वर गेलं, फेटे माघारी वळले, खुर्च्या गेलेल्या. मग मामा तिथंच उन्हात मांडी घालून बसले. शेजारी बाकीचे. आणि बिभीषण, ज्यानं धावत जाऊन आमच्या लोकांना उठवायला हवं होतं, तो कोपऱ्यात पडद्यात डोकं घालून उभा, हेही त्यात स्पष्ट दिसत होतं.



"म्हंजी," मामा म्हणाले, "ह्याच्या त्या भुंग्यापायी म्या..."

"उठलास तूच, शंभू," धुरपदाबाई म्हणाल्या. "कुणी उठवलं न्हाय." पाच महिने जपलेलं ऊन असं एकदम मावळलेलं त्यांना आवडलेलं नव्हतं, ते दिसत होतं. त्यांनी सुनेकडं बघितलं नाही. "पर जागा धरणारीबी अणदूरचीच हायत, त्येबी दिसतंय मला."

"चुकलंच," मी म्हणालो. "आणि वऱ्हाडाकडं बघायला पोराला ठेवलं होतं, तो आकाशाकडं बघत होता. तेही चुकलं." बिभीषणाच्या पाठीत मी कोपर घातलं. तो उठला आणि मामांच्या पाया पडला. त्याला पाया पडताना मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. मग खाकरले. "त्ये... फेट्याचं परत दाव जरा. बसल्यालं."

दाखवलं. मामांनी चष्मा लावला. "फेटा चांगला दिसतोय वरून," ते म्हणाले. "तुरा बघ तुरा. ह्ये मोबाइलवर पाठीव मला. पर तोंड उघडायच्या आधीपतूरच."

"मामा, त्ये कापाय लागंल," बिभीषण खुलला. "कलर बी करतो, बदाम..."

"दादा!" राजी आतून ओरडली. अख्ख्या ओट्याला ऐकू गेलं.

मामांनी रणधीरला हाक मारली. पोरगा दाराआड उभाच होता. "आरं, दिवाळसणाला जा तिकडं. चांगली माणसं हायत, नुसती येडी हायत. पर एक," आणि बोट बिभीषणाकडं, "आंघोळीच्या टायमाला ह्ये वर उडवायचं न्हाय."

"न्हाय उडवायचं," मी म्हणालो. बिभीषणाला विचारलं नाही.

धुरपदाबाई उठल्या, चहाच्या कपबशा गोळा केल्या, त्या सुनेच्या हातात दिल्या. "धनतेरसला निघा," त्या म्हणाल्या. "आन् आईला सांग, माझ्या भावाचं जेवान ऱ्हायलंय तिकडं. भाऊबीज झाल्यावर त्यो येईल. मांडव घालू नका म्हणावं, घरात वाढा."

राजी कपबशा घेऊन आत गेली. माजघरात ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.